बुडबुड्यांवर विसंबू नका

सप्टेंबर सरता सरता इंग्लंडमधल्या परसांत सफरचंदांचा सडा पडतो. तुमच्यापैकी अनेकांनी घर घेतलं तेव्हा झाड आधीपासूनच तिथे होतं. पहिल्या वर्षी मुरंबा होतो, केक होतात, शेजाऱ्यांकडे पिशव्या जातात. तरी फळ संपत नाही. मग कुणीतरी सुचवतं, रस काढा आणि तो आंबवून सायडर करा.

हे लिखाण अशा घरांसाठी आहे. सायडर करणं अवघड नाही. सॉमरसेट आणि हेरफर्डशायरमधले शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. घरी करणाऱ्यांचं मात्र बहुतेक वेळा एकाच जागी चुकतं. बरणीतले बुडबुडे थांबले की वाटतं, झालं. सायडर बाटल्यांत भरला जातो, बुचं घट्ट बसतात, बाटल्या कपाटात जातात. पुढे एखाद्या उबदार आठवड्यात त्यातली एक फुटते. काचेचे तुकडे खोलीभर उडतात. त्या वेळी तिथे कोण उभं असेल, हे आपल्या हातात नसतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. बुडबुड्यांवरून अंदाज बांधू नका. मोजा.

आधी कायद्याचं बोलतो. ब्रिटनमध्ये घरात पिण्यापुरता सायडर करायला परवाना लागत नाही. विकायचा असेल तर नियम वेगळे आहेत. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने एकट्या प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलनपर्यंत मुभा आहे. तुमच्या राज्याचा नियम वेगळा पाहून घ्या. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हे माहितीसाठी वाचावं, करायला घेऊ नये. आणि तुम्ही कुठेही असा, सायडर तापवून त्याची दारू गाळायच्या भानगडीत पडू नका. ते बहुतेक ठिकाणी बेकायदाही आहे आणि जिवावरचंही.

आता रस. साडेचार लिटरची काचेची बरणी भरायला साधारण आठ किलो सफरचंदं लागतात. तुमचं यंत्र चांगलं पिळत नसेल तर थोडी जास्तच. सडका भाग सरळ कापून टाका. बुरशी आतपर्यंत गेली असेल तर अख्खं फळ फेका, कारण त्या बुरशीचं विष रसात उतरतं. जिथे गुरं, मेंढ्या किंवा हरणं फिरतात तिथलं खाली पडलेलं फळ घेऊ नका. बाकीचं फळ वाहत्या पाण्यात धुऊन घ्या.

रस काढताना मुलं भोवती असणारच. त्यांना तो कच्चा रस तसाच देऊ नका. १९९६ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात सफरचंदाच्या कच्च्या रसातून ई-कोलायची बाधा पसरली होती आणि त्यात एक मूल दगावलं. मुलांचा रस वेगळा काढा, तापवा, निववा आणि मग द्या. सायडरचा रस मात्र उकळू नका. उकळला की तो पुढे गढूळच राहतो.

घरी झाड नसेल तर दुकानातला रस चालतो. फक्त वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट लिहिलेलं असेल तर तो रस परत ठेवा. ही द्रव्यं रस आंबू नये म्हणूनच घातलेली असतात. त्यात कितीही यीस्ट टाका, काही होणार नाही. पाश्चराइज केलेला रस चालतो. क जीवनसत्त्व घातलेलाही चालतो.

बरणी, नळी, बूच, चमचा, रसाला जे जे लागणार आहे ते सगळं आधी साबणाने धुवा आणि मग निर्जंतुक करा. घरी बिअर-वाइन करणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात त्यासाठीची पावडर मिळते. या कामात आळस करू नका.

घरच्या फळाच्या रसात बरेच जण आधी कॅम्पडेनची एक गोळी कुस्करून घालतात आणि चोवीस तास थांबतात. तिच्यातल्या सल्फाइटमुळे नको असलेले जिवाणू आणि रानटी यीस्ट दबतात. घरात कुणाला दमा असेल तर सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, तेव्हा त्या माणसाला आधी सांगा. चोवीस तासांनी यीस्ट घाला. पहिल्या वर्षी पुडीतलं सायडरचं किंवा वाइनचं यीस्टच वापरा. सालीवरच्या रानटी यीस्टवरही सायडर होतो, कधी कधी फार सुंदर होतो. पण त्याचा वेग सांगता येत नाही. नवशिक्याला आधी चाल ओळखता आली पाहिजे.

बरणी गळ्यापर्यंत भरू नका. फेसाला जागा ठेवा. बुचात पाण्याचा एअरलॉक बसवा. तो आतला वायू बाहेर सोडतो आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही.

त्याआधी एक काम विसरू नका. यीस्ट घालण्यापूर्वी हायड्रोमीटरचं माप घ्या आणि चिकटपट्टीवर लिहून बरणीला लावा.

हायड्रोमीटर म्हणजे काचेची तरंगती नळी. डेअरीत दूध तपासायला लॅक्टोमीटर वापरतात, त्याच जातीची. रसात साखर जास्त असेल तर नळी वर तरंगते, साखर संपत गेली की खाली बसते. शुद्ध पाण्यात ती १.००० दाखवते. सफरचंदाचा रस बहुधा १.०४५ ते १.०५५ च्या दरम्यान असतो. या नळीला फारसे पैसे पडत नाहीत. माझं मत विचाराल तर बरणीच्याही आधी हीच घ्या.

आता बरणीत काय चालतं ते समजून घ्या. यीस्ट जिवंत असतं. ते रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू करतं. हा वायू थोडाथोडका नसतो. १.०५० मापाच्या एका लिटर रसातली साखर पूर्ण आंबली तर पंचवीस लिटरच्या आसपास वायू निघतो. तुमच्या साडेचार लिटरच्या बरणीतून शंभर लिटरहून जास्त. एवढं कळलं की आंबणारी बरणी घट्ट बंद का करायची नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. बरणी ठेवली ती खोली किंवा कपाट मधूनमधून उघडंही ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो. एका बरणीने काही बिघडत नाही, पण बंद तळघरात मोठमोठी पिंपं ठेवणाऱ्यांनी फार जपावं.

पहिला दिवस. काहीच दिसत नाही. घाबरू नका. यीस्ट आधी स्वतःची संख्या वाढवत असतं. दुसऱ्या दिवशी कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसेल, रस गढूळ होईल. कधी तीन दिवस लागतात. थंडीत इडलीचं पीठ जसं दुसऱ्या दिवशीही बसलेलं असतं, तसंच हे. बरणी १५ ते २० अंशांच्या जागी हलवा आणि थांबा. रेडिएटरला मात्र चिकटवू नका. फार उष्णतेने यीस्ट आजारी पडतं आणि चवही बिघडते.

तीन दिवसांनीही एअरलॉक गप्प असेल तर आधी बरणीत बघा, एअरलॉककडे नंतर. वर फेस आहे? कान लावला तर बारीक सरसर ऐकू येते? मग काम चाललं आहे, वायू फक्त दुसरीकडून निसटतोय. बूच सैल असेल. प्लास्टिकच्या बादलीचं झाकण तर नेहमीच कुठून तरी गळतं. बूच ओलं करून दाबून बसवा.

पहिला आठवडा जोराचा. तपकिरी फेस एअरलॉकमध्येही चढेल. चढला तर एअरलॉक काढा, धुवा, पुन्हा निर्जंतुक करून लावा. बरणीखाली परात ठेवलेली बरी, नाहीतर गालिच्यावर डाग पडतो.

याच दिवसांत कधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि घरातली माणसं बरणी बाहेर काढा म्हणतात. टाकून देऊ नका. सफरचंदाच्या रसात यीस्टला लागणारं नत्र कमी असतं. उपाशी यीस्ट असा वास सोडतं. सुरुवातीच्या दिवसांतच दुकानात मिळणारं यीस्टचं खाद्य थोडं घातलं तर वास बहुधा येतच नाही. आला तरी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जातो.

दहा-पंधरा दिवसांनी फेस बसतो. बुडबुडे विरळ होतात. तळाला पांढरट गाळ साचतो. खरा घोटाळा इथून सुरू होतो, तेव्हा इथे जरा सावकाश वाचा.

बुडबुडे का येतात? यीस्ट काम करतं म्हणून येतात, हे खरं. पण फक्त तेवढ्यासाठी येत नाहीत. आंबलेल्या सायडरमध्ये बराच वायू विरघळून राहिलेला असतो. संध्याकाळी घरातलं हीटिंग सुरू झालं, बरणी तापली, की तो सुटतो. एअरलॉक पुन्हा टपटप करू लागतो. साखर तेव्हा तसूभरही कमी झालेली नसते. बाहेर वादळ येतं, हवेचा दाब उतरतो, तरी बुडबुडे येतात. तुम्ही बरणी उचलून दुसरीकडे ठेवली तरी येतात.

उलटही होतं. थंडीची लाट आली की यीस्ट आळसावतं. वायूही थंड द्रवात जास्त विरघळून राहतो. एअरलॉक आठवडाभर गप्प बसतो. कधी तर बरणी आकसल्यासारखी होऊन एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. बघणाऱ्याला वाटतं, सगळं संपलं. आत मात्र निम्मी साखर तशीच असते.

काही जण मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजतात. तुमच्याच बरणीचं कालचं आणि आजचं ताडून बघायला ते ठीक आहे. शेजाऱ्याच्या बरणीशी तुलना करू नका. बूच वेगळं, भांडं वेगळं, तापमान वेगळं.

म्हणून माप घ्या. स्वच्छ नळीने थोडा सायडर उंच भांड्यात काढा. हायड्रोमीटर सोडा आणि बोटांनी हलकीच गिरकी द्या. हायड्रोमीटरला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि माप खोटं जास्त दिसतं. गिरकीने ते सुटतात. डोळा सायडरच्या पातळीला आणा आणि आकडा वाचा. काढलेला सायडर बरणीत परत ओतू नका. चाखून बघा. गोड लागला तर साखर आहे हे जिभेलाही कळेल.

माप १.००० किंवा त्याहून थोडं खाली आलं, आणि आठवड्याने पुन्हा घेतलं तरी तेच राहिलं, तर आंबणं संपलं. आकडा अजून उतरतोय? मग थांबा. एअरलॉक कितीही शांत असो.

याच दोन आकड्यांवरून सायडर किती कडक झाला तेही कळतं. सुरुवातीच्या मापातून शेवटचं वजा करा आणि १३१ ने गुणा. १.०५० वरून १.००० झाला तर साडेसहा टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल. नेहमीच्या बिअरपेक्षा हे जास्त आहे. चवीला हलका लागतो म्हणून माणूस सहज दुसरा आणि तिसरा पेला घेतो. पाहुणे गाडी घेऊन आले असतील तर हा आकडा त्यांना आधी सांगा.

आकडा १.०२० च्या आसपास येऊन अडकला तर? दोन आठवडे हललाच नाही तर? ते संपणं नव्हे, रखडणं आहे. या अवस्थेतल्या सायडरला माझ्या मते सर्वांत जास्त भ्यावं. तो गोड असतो, चवीला छान लागतो, शांतही असतो. भरून टाकावासा वाटतो. भरू नका. बरणी १८ ते २० अंशांत आणा. हलक्या हाताने फिरवून तळाचं यीस्ट वर उठवा. आठवडाभर बघा. तरीही ढिम्म असेल तर नवीन यीस्ट थोड्या रसात जागं करून, त्याला फेस आल्यावर, घाला. नॉर्मंडीतले जाणते लोक मुद्दाम आंबणं मंदावून गोडसर सायडर करतात. ती त्यांची अनेक हंगामांची विद्या आहे. तुम्ही पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

फेस बसल्यावर गाळावरचा निवळ सायडर नळीने दुसऱ्या स्वच्छ बरणीत घ्या. वरून धो धो ओतू नका. नळीचं टोक तळाशी ठेवा म्हणजे हवा मिसळणार नाही. सुरुवातीला फेसासाठी ठेवलेली मोकळी जागा आता नको. बरणी गळ्यापर्यंत भरा, कमी पडला तर थोडा रस घाला. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. रिकामी जागा ठेवलीत की तुम्ही त्यांना बोलावणं धाडलंत. वर पांढरा पातळ पापुद्रा दिसला तर त्याचं कारणही बहुधा हेच.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट होते. माप १.००० वर महिनोन्‌महिने स्थिर असतं आणि अचानक बुडबुडे सुरू होतात. बाहेर झाडाला मोहोर आलेला असतो. जुने शेतकरी म्हणत, झाड फुललं की सायडरही पुन्हा जागा होतो. कारण साधं आहे. ऊब वाढली की काही जिवाणू सफरचंदाच्या तीव्र आंबटाचं सौम्य आंबटात रूपांतर करतात आणि त्यात थोडा वायू सुटतो. साखर लागत नाही, म्हणून हायड्रोमीटर जवळपास हलत नाही. चव मऊ होते. हे वाईट नाही. फक्त ते चालू असताना बाटल्या भरू नका.

बाटल्या भरायच्या तेव्हा आकडा लक्षात ठेवा. हायड्रोमीटरवरचं ०.००५ एवढं उतरणं म्हणजे लिटरमागे सुमारे अडीच लिटर वायू. फसफसणाऱ्या सायडरला तेवढा पुरे. शॅम्पेनमध्ये लिटरमागे साधारण सहा लिटर वायू कोंडलेला असतो आणि त्यासाठी बाटल्या खास जाड काचेच्या करतात. १.०२० वर बंद केलेला सायडर बाटलीत पूर्ण आंबला तर लिटरमागे दहा लिटर होतो. साधी काच तो पेलू शकत नाही.

फसफसणारा हवा असेल तर आधी सायडर पूर्ण आंबू द्या. मग लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम साखर घाला, वजन करून. अर्ध्या लिटरच्या बाटलीला हे सपाट चमचाभरापेक्षा कमीच भरतं. अंदाजे मूठ घालू नका. बाटल्या बिअरच्या किंवा शॅम्पेनच्या घ्या. सरबताच्या, सॉसच्या, शोभेच्या चौकोनी बाटल्या चालणार नाहीत.

नवशिक्यांनी शीतपेयाच्या प्लास्टिक बाटल्या वापराव्यात असं मी सांगेन. दिसायला साध्या, पण दाबून बघता येतात. बाटली दगडासारखी टणक झाली की फ्रिजमध्ये टाका. काचेच्याच भरायच्या असतील तर त्याच दिवशी एक प्लास्टिकची भरून शेजारी ठेवा आणि दर दोन दिवसांनी ती दाबून बघा. काचेच्या आत काय चाललं आहे ते तीच सांगेल.

गोड हवा असेल तर पिताना पेल्यात साखर किंवा रस घाला. बाटलीत जास्त साखर घालून ठेवू नका, यीस्ट ती खाणारच. कॅम्पडेनची गोळी टाकली की आंबणं थांबतं, या समजुतीवरही राहू नका. झायलिटॉलसारखी न आंबणारी गोडी वापरणार असाल आणि घरात कुत्रा असेल तर जपा. त्याच्यासाठी झायलिटॉल विष आहे.

प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा: काय आहे, कधी भरलं, किती टक्के. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर त्यांना बरणी दाखवून ठेवा. वास ताज्या रसाचाच येतो. बीपीच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेलं माणूस रस समजून पेला भरेल. मुलांचा रस आणि हा सायडर एका फळीवर ठेवू नका.

आणि बाटल्या भरून झाल्यावर कधी शंका आली, प्लास्टिकची बाटली फुगलेली दिसली किंवा एखादी काचेची फुटली, तर बाकीच्या हातात घेऊन बघत बसू नका. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना खोलीबाहेर काढा, दार लावा. डोळ्यांना गॉगल, हातांत जाड मोजे, अंगात जाड जाकीट असल्याशिवाय जवळ जाऊ नका. बाटल्यांवर जाड ओलं ब्लँकेट टाका. खिडक्या उघडून खोली जमेल तेवढी थंड करा आणि रात्रभर तशीच राहू द्या. थंडीने दाब उतरतो. सकाळी त्याच तयारीनिशी एकेक बाटली ब्लँकेटखालीच, तोंड आपल्यापासून दूर ठेवून, हळूहळू उघडा. आतला वायू थोडा थोडा जाऊ द्या. एक बाटली अशी निघाली असेल तर त्या दिवशी भरलेल्या सगळ्याच तशा आहेत असं धरून चाला आणि एकही न वगळता सगळ्या उघडा.